ग्रंथालयाची किल्ली

शाळा म्हटली की आपल्या मनापुढे फळा उभा राहतो, घंटा वाजू लागते आणि मधल्या सुट्टीतील गलबला कानी येतो. ग्रंथालयाची आठवण मात्र क्वचितच कोणास होते. पुष्कळ शाळांत ते जिन्याखालच्या खोलीत असते. काही शाळांत तर मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन कपाटे म्हणजेच ग्रंथालय. वाचकहो, आपल्या मुलांच्या शाळेतील ग्रंथालय आपण पाहिले आहे काय? आणि पाहिले असल्यास, कपाटाला कुलूप होते की ते उघडे होते, हे आपल्या ध्यानात आहे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. बी. ए. झाल्यावर, भाषांतराच्या कामास लागण्यापूर्वी, मी दोन वर्षे वडोदऱ्यातील एका शाळेचे ग्रंथालय सांभाळले. त्या दोन वर्षांत सुख आणि मनस्ताप यांचे जे अनुभव आले, ते बहुतेक सारे या कुलपाभोवतीच फिरत होते.

प्रथम सुखाविषयी सांगते. ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटांचा असे. वर्गात मुले ४८. हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट येई. त्यात पुस्तक परत घ्यावयाचे, खूण करावयाची, नवे द्यावयाचे आणि “बाई, भुताचं पुस्तक आहे का?” या प्रश्नास उत्तरही द्यावयाचे! अखेर प्रत्येक वर्गातील दोन मुलांना मी मदतनीस नेमले. त्यांचा रुबाब काय वर्णावा! नोंदवहीवर झुकून ती अशा गांभीर्याने क्रमांक लिहीत, की जणू पेढीवरचे मुनीमच.

परत आलेल्या पुस्तकांतून घराघरांची ओळख पटे. पानांत कधी मोरपीस सापडे, कधी पिंपळाचे जाळीदार पान, कधी बसचे तिकीट. एका पुस्तकाला लग्नपत्रिकेचे वेष्टन घातलेले होते, तर एकावर हळदीचा अंगठा उमटलेला. तो अंगठा पाहून मला राग आला नाही. पुस्तक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले, याहून त्याचे भाग्य ते कोणते?

मनस्तापही कमी नव्हता. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा वर्ग ग्रंथालयात पाठविला जाई. वाचनासाठी नव्हे, गप्प बसण्यासाठी. परीक्षा जवळ आल्या की ग्रंथालयाचा तास प्रथम गणिताला जाई. पावसाळ्यात कपाटांना ओल येई आणि डांबराच्या गोळ्या ठेवूनही कसर आपले काम करीतच राही. परंतु या साऱ्या गोष्टींची सवय होते. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे भीती.

ही भीती पुस्तक हरवण्याची. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक आणि किंमत लिहिलेली असते. मार्चअखेर मोजणी होते आणि कमी भरलेल्या पुस्तकांचा जाब सांभाळणाऱ्यास द्यावा लागतो. वर्षभर कपाट बंद ठेवले तर जाब विचारणारा कोणी नसतो. त्यामुळे ज्याच्या हाती किल्ली, तो शहाणपणाने कुलूप लावतो. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या पगारातून भरपाई द्यावयाची वेळ आली तर आपणही तेच करू.

सहावीतील एक मुलगी दर आठवड्यास पुस्तक नेत असे. पुढे ती ग्रंथालयाच्या तासास भूगोल उघडून बसू लागली. अनेक आठवडे असे चालले, तेव्हा मी तिला जवळ बोलावून विचारले. ती हळूच म्हणाली, “बाई, पुस्तक हरवलं. आई म्हणाली, आता त्या खोलीकडं फिरकू नकोस.” पुस्तकाची किंमत साठ रुपये होती. आई चार घरी धुणीभांडी करी. मी नोंदवही उघडली. तिच्यात गहाळ पुस्तकांसाठी रकाना होता. गहाळ वाचकांसाठी नव्हता.

मुख्याध्यापिकांच्या संमतीने एक तोड निघाली. शनिवारी शाळा सुटल्यावर जीर्ण पुस्तकांना खळ लावून कागद डकविण्याच्या कामात मुलीने हातभार लावावा, आणि ती भरपाई समजावी. चार शनिवार ती आली. पाचव्या शनिवारी काम नव्हते, तरी आली आणि एक पुस्तक घेऊन गेली.

दुसरा प्रसंग उन्हाळ्याचा. मोजणीसाठी फेब्रुवारीतच सारी पुस्तके परत मागविली जात आणि ती थेट जूनपर्यंत कपाटात राहत. ज्या सुट्टीत मुलांस वेळच वेळ असतो, त्याच सुट्टीत त्यांच्या हाती पुस्तक नसे. मोजणी आटोपल्यावर पुस्तके सुट्टीपुरती घरी द्यावीत, अशी मी विनंती केली. पहिल्या वर्षी नकार मिळाला. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळाली. “नुकसान झाल्यास जबाबदारी तुमची,” या शब्दांसह. पालकांची सही घेऊन ११२ पुस्तके दिली. तो मे महिना मला फार लांब वाटला. जूनच्या पहिल्या आठवड्यात १०९ परत आली. एक जुलैत आले; ते मुलाच्या आजोळी राहिले होते आणि तेथे मामाच्या मुलांनीही ते वाचून काढले होते! दोन मात्र आलीच नाहीत.

वडोदऱ्यात हे घडावे, याची मला विशेष मौज वाटे. याच संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारविली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरविली जात. शंभर वर्षांपूर्वी पुस्तके गावाला जाऊ शकत होती. आमची मात्र शाळेच्या फाटकाबाहेर पडण्यास धजत नव्हती.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. पुस्तके उपयोगासाठी असतात, हा त्यांतील पहिल्या सूत्राचा आशय. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून का सांगावी लागली, असे वाटेल. परंतु एके काळी युरोपात पुस्तके साखळदंडांनी फळ्यांना जखडलेली असत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. साखळी गेली, तरी तिची नात असलेले कुलूप आपल्याकडे राहिलेच.

पुढे भाषांतराच्या कामात सरकारी नियमावल्या हाताळू लागले, तेव्हा एक नियम वाचून मी थबकले. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ वा नियम ग्रंथालयांविषयी आहे. वर्षभरात वाचावयास दिलेल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट वाजवी मानता येते. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गहाळ झाल्यास चौकशी व्हावयाचीच. त्या दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेत सुमारे २,००० वेळा पुस्तके दिली गेली होती आणि सात हरवली होती. या मापाने दहापर्यंतची तूट क्षम्य ठरली असती.

हा नियम केंद्र शासनाच्या कार्यालयांचा आहे. प्रत्येक शाळेस तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातील तत्त्व ध्यानी घेण्याजोगे आहे. तूट मोजावयाची ती कपाटातील पुस्तकांवर नव्हे, तर वापरावर. जेथे अधिक वाचन, तेथे अधिक मोकळीक. हा रुक्ष वाटणारा नियम रंगनाथनांच्या पहिल्या सूत्राचाच सख्खा भाऊ नव्हे काय? शाळांच्या व्यवस्थापनांनी असा एखादा लेखी नियम केला, तर किती किल्ल्या निर्धास्तपणे फिरतील!

आपणही थोडे करू शकता. पालकसभेस जाल तेव्हा ग्रंथालयात किती पुस्तके आहेत, एवढेच विचारू नका. गेल्या महिन्यात किती घरी गेली, तेही विचारा. सुट्टीत पुस्तके मिळावीत म्हणून सही करण्यास पुढे व्हा. आणि मुलाच्या हातून पुस्तक हरवले, तर त्याला त्या खोलीपासून दूर ठेवू नका. त्याचा हात धरून त्याला तेथे घेऊन जा, झाले ते सांगू द्या आणि येताना दुसरे पुस्तक आणू द्या. हरवलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत बहुधा मिळते. दुरावलेला वाचक परत आणणे त्याहून फार कठीण असते.