पुण्यातले एक पाटी नसलेले ठिकाण

पुण्याला गेलेला आपला माणूस गंज पेठेतला महात्मा फुले वाडा पाहतो. १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू झाली त्या भिडे वाड्याच्या जागेला वंदन करतो. ते केलेच पाहिजे. पण हाताशी तासभर असेल तर वाचकांनी आणखी एक ठिकाण पाहावे. त्याला पाटी नाही, तिकीट नाही. ते म्हणजे कचरा निवडण्याची शेड.

वर पत्रे, बाजूला पोत्यांची थप्पी. सकाळी दारोदार फिरलेल्या ढकलगाड्या इथे रिकाम्या होतात. मग भगिनी बसून निवडायला लागतात. रद्दी एका बाजूला, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, काच, पत्रा यांचे ढीग वेगवेगळे. आपण ज्याला कचरा म्हणतो त्यातल्या प्रत्येक वस्तूचा भाव त्यांना तोंडपाठ असतो.

आमच्यासारख्या कारकुनाला जमाखर्च चटकन कळतो. कोरडा पुठ्ठा विकला जातो. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला गिऱ्हाईक नसते. म्हणजे घरातल्या आळसाचा खर्च या भगिनीच्या नावावर पडतो. कधी फुटलेली काच, कधी इंजेक्शनची सुई, कधी उघडे सॅनिटरी पॅड तिच्या हाताला लागते, तो खर्च तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

या कष्टकऱ्यांत बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रिया आहेत. १९९३ साली त्यांनी पुण्यात संघटना उभी केली. तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळाले. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. चोर म्हणून जिला हुसकावले जाई, ती आता दारावर हक्काने कचरा मागते. संघटित झाल्यावर काय होते, याचा दुसरा दाखला कशाला हवा?

आता पर्यावरणाचे पाहू. ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून डेपोवर गेला, की ढिगाखाली हवेशिवाय कुजतो. त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक तापदायक आहे. ढिगातून काळे पाणी झिरपते आणि विहिरी नासतात. मिथेनमुळे आगीही भडकतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत देवनारचा डेपो पेटला, तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धुराचा पहिला घास डेपोलगतच्या वस्त्यांनी गिळला. डेपो श्रीमंतांच्या शेजारी कधी नसतो, हे आपण जाणतोच.

काही म्हणतील, “दहा बाय बाराच्या खोलीत दोन डबे ठेवायचे कुठे?” ओल्यासाठी झाकणाचा एक डबा पुरे. सुक्यासाठी दाराआड खिळ्याला गोणपाटाची पिशवी अडकवावी. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. कापताना कोपरा तोडून वेगळा करू नये, तो छोटा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा; उघडून न बघता कळते. काच व सुया जाड पुठ्ठ्यात बांधून वेगळ्या द्याव्यात.

दुसरा आक्षेप असा, की “गाडीवाले शेवटी सगळे एकत्रच करतात.” जिथे तसे होते तिथे वस्तीच्या मंडळाने वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कचरा घरातच वेगळा करून द्यावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले; तो वेगळाच उचलावा, ही जबाबदारी पालिकेवर टाकली. मात्र आपले दोन डबे तयार असल्याशिवाय जाब विचारायला तोंड राहत नाही.

हे काम घरातल्या बाईवरच टाकू नका. भाऊ, वडील, मुले, सगळ्यांनी आपापला कचरा योग्य डब्यात टाकावा. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या भगिनीला ‘कचरेवाली’ म्हणू नका. तिला ताई म्हणा, आणि उन्हाळा आहे, पाणी विचारा.