काळा पडदा

मुरुमच्या घरातला काकांचा ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आता माझ्या वाट्याला आलाय. तासाभरात पाठ तापते, कोपऱ्यात एका चॅनलचं चिन्ह कायमचं उमटलंय. उमरग्याचा मेकॅनिक म्हणाला, "पार्ट मिळत नाहीत, नवा घ्या." खरंय; २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवणंच सोडलं.

पण यातला काळा रंग! मागे दिवा नाही. ठिपका न् ठिपका आतल्या वायूच्या जोरावर उजळतो, म्हणून रात्र रात्रीसारखी दिसते. २ एप्रिल २०११ ला धोनीचा षटकार याच्यावरच पाहिला. काका उभेच राहिले होते, गुडघे विसरून.

लाईट गेली की पडद्यात माझा चेहरा दिसतो. हनुवटी काकांची. नव्याची किंमत विचारून ठेवलीय. आज पुन्हा धूळच पुसली.