आधी माल, मग वही

कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवस उजाडतो तो वजनकाट्यावर. रात्रभर महामार्ग कापून आलेले ट्रेलर पहाटेपासून रांग धरून उभे असतात. गाडी एकदा भरलेली तोलायची, एकदा रिकामी तोलायची. दोहोंची वजाबाकी म्हणजे माल. या वजाबाकीवर तीन पिढ्या संसार चालवणारी एक पेढी त्या बाजारात आहे. कळंबोलीला तिची वखार, मुंबईत मस्जिद बंदरला जुनी गादी आणि तळोजा औद्योगिक वसाहतीत प्लेटा कापून देण्याचा लहानसा कारखाना. गेल्या वर्षी या पेढीने आपला सारा कारभार एकाच संगणकप्रणालीत, ज्याला आज सर्वत्र ईआरपी म्हणतात तिच्यात, नेण्याचा निश्चय केला.

निमित्त लहान होते. दहा मिलीमीटर जाडीच्या प्लेटांची एक थप्पी सकाळी मस्जिद बंदरच्या गादीवरून विकली गेली आणि तीच थप्पी दुपारी कळंबोलीच्या वखारीतून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली गेली. दोन्ही व्यवहार प्रामाणिक होते, माल मात्र एकच होता. एका गिऱ्हाइकाची गाडी रिकामी परतली. शेठजींनी स्वतः दूरध्वनी करून क्षमा मागितली. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

दोष कोणा एकाचा नव्हता. पेढीचा हिशेब टॅलीत होता, साठा एक्सेलच्या तक्त्यात, गाड्यांची माहिती व्हॉट्सॲपवर आणि उधारीची खरी गोष्ट मुनीमजींच्या लाल डायरीत. त्यात १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांनाही ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. बिल फाटले की ते शासनाच्या संकेतस्थळावर नोंदलेले असते. पूर्वीप्रमाणे संध्याकाळी बसून चार आकडे जुळवून घेण्याची सोय उरली नाही.

चिरंजीवांचे म्हणणे सरळ होते. १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू होते. त्या दिवशी आरंभीच्या शिलका नव्या प्रणालीत घालाव्यात आणि जुने सारे एकदम बंद करावे. "दोन डगरींवर पाय ठेवला, बाबूजी, की माणूस मध्येच पडतो," असे ते म्हणाले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. वर्षाच्या मध्यावर प्रणाली बदलली की जीएसटीची विवरणपत्रे दोन ठिकाणांहून जुळवावी लागतात, आणि दोन्हीकडे नोंदी करता करता कर्मचारी थकून जातात.

सूनबाई सनदी लेखापाल. लग्नापूर्वी त्यांनी पुण्याच्या एका कारखान्यात असे स्थित्यंतर जवळून पाहिले होते. त्यांनी अमेरिकेतील हर्षी या चॉकलेट कंपनीची हकीकत सांगितली. १९९९ मध्ये त्या कंपनीने तीन मोठ्या प्रणाल्या जवळजवळ एकाच वेळी सुरू केल्या, आणि त्याही सणासुदीच्या मागणीच्या तोंडावर. चॉकलेट तयार होते, घेणारे दुकानदार तयार होते. पण दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. "एवढ्या मोठ्या कंपनीला तो धक्का सोसला. आपल्याला सोसेल का?" त्यांनी विचारले.

शेठजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्या वडिलांची आठवण काढली. मुंबईतील लोखंडाचा व्यापार पूर्वी कर्नाक बंदर आणि दारूखान्याच्या अरुंद गल्ल्यांत चाले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने पुढे कळंबोलीला लोखंड बाजार वसवला आणि व्यापाऱ्यांनी तेथे जावे असे ठरले, तेव्हा बाजारात मोठी चलबिचल झाली. गिऱ्हाईक खाडीपलीकडे येईल का, माथाडी कामगारांचे काय, गादीच हलली तर पत कशी राहील, असे नाना प्रश्न होते. मोठ्या शेठजींनी प्रथम फक्त माल हलवला. जड माल कळंबोलीला, हलका मुंबईत, आणि वही मात्र मस्जिद बंदरलाच. दोन वर्षे ते रोज दोन्हीकडे जात. माल नव्या जागी नीट बसला, गाड्यांची वाट रुळली, तेव्हा कोठे एक वही कळंबोलीला गेली. "आधी माल, मग वही," एवढेच शेठजी म्हणाले. आणि योजनेचा क्रम ठरला.

पहिला टप्पा संगणकाचा नव्हताच. तो नावांचा होता. एकाच वस्तूला पेढीत तीन नावे होती. मस्जिद बंदरचे जुने कारकून 'आठ इंची गर्डर' लिहीत, वखारीत त्यालाच 'बीम दोनशे' म्हणत, आणि बिलावर 'आयएसएमबी २००' छापले जाई. गिऱ्हाइकांचेही तसेच. एकाच बांधकाम व्यावसायिकाचे खाते वडिलांच्या नावे, मुलाच्या नावे आणि कंपनीच्या नावे असे तीनदा उघडलेले. पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक हा आधार धरून सूनबाईंनी खाती एक केली. वस्तूंची नावे मात्र वखारीतल्या माणसांना जवळ बसवूनच ठरवावी लागली. तीन महिने या कामात गेले. चिरंजीवांना ते वाया गेल्यासारखे वाटत होते.

दुसरा टप्पा मालाचा, तोही केवळ कळंबोलीच्या वखारीपुरता. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात आणि लोखंडाची उचल घटते. म्हणून आरंभ आषाढात करावयाचा होता. तिसरा टप्पा खरेदी आणि विक्रीच्या बिलांचा. त्यासाठी बिलांची वेगळी क्रमांकमाला घ्यावी, म्हणजे जुन्या आणि नव्या प्रणालीतील क्रमांक एकमेकांत गुंतणार नाहीत, असे ठरले. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार हमालीवरील लेव्ही मंडळात भरावी लागते. नव्या प्रणालीत तिच्यासाठी रकानाच नव्हता, तो मुद्दाम करून घेतला. चौथा टप्पा जमाखर्चाचा, १ एप्रिलला. पाचवा तळोज्याचा, कारण तेथे एका प्लेटेचे पाच तुकडे आणि थोडा भंगार होतो आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवावा लागतो. सर्वांत शेवटी उधारीच्या मर्यादा.

चिरंजीवांची शंकाही दुर्लक्षिली गेली नाही. प्रत्येक टप्प्यात जुनी आणि नवी नोंद एकच महिना समांतर चालेल, त्या महिन्याची शेवटची तारीख आधीच भिंतीवर लिहिली जाईल, आणि रोजच्या फरकांची यादी संध्याकाळी सर्वांसमोर वाचली जाईल, असा नियम केला. सलग सात दिवस फरकाचे कारण सापडले नाही, तर पुढचा टप्पा थांबेल, हेही लिहून ठेवले.

आषाढ लागला. पहिल्या आठवड्यातच यादीत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. प्लेटांचा वखारीतला साठा कागदावरच्या साठ्यापेक्षा रोज थोडा थोडा जास्त भरत होता. माल चोरीला जाऊन तूट येते हे सर्वांना ठाऊक. येथे वाढ होती. सूनबाईंनी मुळाशी जाऊन पाहिले. पेढी गिरणीकडून प्लेट विकत घेई ती काट्याच्या वजनाने. विकी मात्र बाजाराच्या रिवाजाप्रमाणे सूत्राने, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि ७.८५ यांच्या गुणाकाराने. सहा मीटर तीस सेंटीमीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशा दहा मिलीमीटर प्लेटेचे सूत्राचे वजन ७४२ किलो. गिरणीतून ती ९.८ मिलीमीटर निघाली असेल तर काट्यावर ७२७ किलोच भरते. बिल ७४२ चे होते. मधले पंधरा किलो पेढीच्या पदरात राहतात. यात कायद्याचा भंग नाही, साऱ्या बाजाराचा हाच शिरस्ता आहे. पण पडद्यावर तो आकडा रोज उभा राहू लागला, आणि शेठजी तो रोज पाहू लागले.

त्याच सुमारास दुसरा एक प्रश्न पुढे आला. जुन्या हिशेबात 'दिवाळी वटाव' असे एक खाते होते. दर दिवाळीला काही गिऱ्हाइकांच्या नावे त्यातून रक्कम जमा होई. चिरंजीवांनी ते खाते नव्या प्रणालीत न नेण्याच्या यादीत घातले होते. जुन्या काळची सणाची खुशी, असा त्यांचा समज. प्रणाली विचारत होती की हा वटाव कोणत्या नियमाने काढायचा, आणि कोणापाशीच त्याचे उत्तर नव्हते.

मुनीमजी त्या संध्याकाळीही कोपऱ्यात बसून होते. अडतीस वर्षे पेढीवर असलेला हा माणूस गेले सहा महिने जवळजवळ मुका झाला होता. त्यांनी लाल डायरी उघडली. मग आतल्या कपाटातून आणखी काही डायऱ्या आणल्या. त्यांतल्या दोहोंवर २६ जुलै २००५ च्या पुराचे पिवळे डाग होते. पानोपानी महिन्यांची नोंद होती: अमुक गिरणीचा माल, सूत्राने इतका, काट्याने इतका, फरक इतका. मोठ्या शेठजींनी त्यांना सांगून ठेवले होते की गिऱ्हाईक भाव वजनाचा देते, सूत्राचा नव्हे. फरक आपला नाही. बाजाराचा रिवाज मोडता येत नाही, म्हणून बिल सूत्राने करा आणि दिवाळीला हिशेब करून परत करा. १९८९ पासून आयकराचे वर्ष सर्वांसाठी ३१ मार्चला संपू लागले. पेढीचे वर्ष बदलले, वटाव मात्र दिवाळीलाच राहिला. आणि नवी गिऱ्हाइके वाढत गेली तसा तो जुन्यांपुरताच उरला.

"मुनीमकाका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" सूनबाईंनी विचारले.

"विचारलं कोणी, सूनबाई?" मुनीमजी म्हणाले. "मला वाटलं, मशीन आलं की डायरी रद्दीत जाणार. रद्दीत जाणाऱ्या गोष्टीबद्दल काय बोलायचं?"

श्रावकाच्या अचौर्य व्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्राने सांगितले आहेत, त्यांत देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे हा एक आहे. शेठजींनी तो लहानपणी पाठ केला होता. त्या रात्री त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. एवढेच विचारले की वटाव काही गिऱ्हाइकांना मिळतो आणि काहींना नाही, हे कोणत्या न्यायाने?

पुढचा वाद सोपा नव्हता. चिरंजीव म्हणाले, "शेजारच्या पेढ्या सूत्राने विकतात. आपण काट्याने विकू लागलो तर टनाचा भाव वर दिसेल, आणि गिऱ्हाईक भाव पाहतं." हेही खरेच होते. चार दिवस चर्चा चालली. अखेर असे ठरले की भावपत्रकावर दोन्ही पद्धती स्पष्ट लिहाव्यात. पूर्ण गाडी प्लेटा उचलणाऱ्याने हवे तर काट्याने घ्यावे. सूत्राने घेणाऱ्या प्रत्येकाला, नवा असो वा जुना, दर तिमाहीला फरकाची क्रेडिट नोट मिळावी. त्याचा नियम प्रणालीत घालायचा आणि गिरणीवार फरक मुनीमजींनी तपासून मंजूर करायचा. या फेरबदलासाठी बिलांचा टप्पा दीड महिना पुढे ढकलावा लागला. भिंतीवरची तारीख चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने बदलली. १ एप्रिलला केवळ शिलका उचलून नेल्या असत्या, तर आजोबांचा शब्द एका बंद खात्याबरोबर कायमचा पुसला गेला असता, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आज पेढीचे चार टप्पे पार पडले आहेत. एकच थप्पी दोनदा विकली जाण्याचा प्रसंग पुन्हा आलेला नाही. पहिल्या तिमाहीच्या क्रेडिट नोटा निघाल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकांनी चूक झाली असावी म्हणून दूरध्वनी केले. नफ्याचा एक लहान झरा आटला, तो भरून काढण्यास अवधी लागेल, हेही शेठजी जाणून आहेत. तळोज्याला तुकड्यांची मोजदाद सुरू आहे. तेथे रोज फरक निघतात आणि रोज त्यांची कारणे शोधली जातात.

उधारीचा टप्पा अजून बाकी आहे. कोणाला किती दिवस थांबायचे, कोणाचा शब्द धनादेशाहून पक्का आणि कोणाच्या घरी यंदा अडचण आहे, हे सारे अद्याप लाल डायरीत आणि मुनीमजींच्या मनात आहे. सूनबाई रोज दुपारी अर्धा तास त्यांच्याजवळ बसतात, एकेक खाते काढतात आणि विचारतात. मुनीमजी सांगतात, आणि मधूनच म्हणतात, "हे लिहू नका, हे नुसतं लक्षात ठेवा."