सात खणांची डबी

सकाळीं चहाची किटली मेजावर येण्यापूर्वींच आमच्यापुढें एक छोटी डबी येऊन बसते. तिला सात खण आहेत आणि प्रत्येक खणावर एकेका वाराचें आद्याक्षर आहे. याच वेळीं आमच्या वडिलांपुढें संध्येची पळी-पंचपात्री असे. साधनें पालटलीं, पण सोवळेपणा मात्र घरांतून गेलेला नाहीं. लोहाच्या गोळीला चहाचा विटाळ चालत नाहीं, लिंबाचा रस मात्र तिला मानवतो. कॅल्शियम आणि लोह यांना एका पंक्तीस बसवूं नये असें शास्त्र आहे. 'ड' जीवनसत्त्वाला सोबतीस थोडें दूध-तूप लागतें. इतके विधिनिषेध पाळून आम्ही त्या दिवसाचा खण रिकामा करतों, आणि मगच चहाकडे वळतों.

वाचकांपैकीं कांहीं जण हें वाचून हंसतील. पूर्वीं आम्हीही हंसत असूं. चांगलें चारीठाव जेवणाऱ्या माणसास गोळीची गरज काय, हा प्रश्न आम्हीं मित्रमंडळींत अनेकदां मोठ्या ठसक्यानें विचारला आहे. त्यांतून आमची वस्ती देवळाली कॅम्पांत! येथें लष्कराची छावणी आहे, तोफखान्याची शाळा आहे, आणि मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेल्या पारशी-गुजराती कुटुंबांसाठीं बांधलेलीं सॅनिटोरियमेंही आहेत. लोक पैसे खर्चून ज्या हवेसाठीं आणि उन्हासाठीं येथें येतात, तीं आम्हांला फुकट मिळतात. अशा गांवच्या रहिवाशाला उणें तें काय असणार?

दोन वर्षांपूर्वीं आमच्या रक्ताची तपासणी झाली, आणि 'ड' जीवनसत्त्वाचा आंकडा पाहून डॉक्टरांनीं भुंवया उंचावल्या. "सर, उन्हांत कधीं जातां?" त्यांनीं विचारलें. आम्हीं अभिमानानें सांगितलें कीं, गेलीं वीस वर्षें रोज तासभर फिरण्याचा आमचा नेम आहे.

"किती वाजतां?"

"पहाटे साडेपांचला."

"सर, त्या वेळीं सूर्य तरी उठलेला असतो का?"

खरी गोष्ट होती. स्वेटर, मफलर आणि कानटोपी अशा पोशाखांत आम्ही अंधारांत फिरत होतों. ज्या किरणांनीं त्वचेंत हें सत्त्व तयार होतें, ते सूर्य वर आल्यावर, दुपारच्या सुमारास पुरेसे मिळतात. खिडकीची कांच ते आंत येऊं देत नाहीं, आणि सांवळ्या कातडीला तर ते अधिक वेळ लागतात. त्या वेळीं आम्ही वर्गांत शिकवीत असतों. एकंदरींत काय, समुद्रांत राहून मासा तहानेला राहावा, तसा प्रकार झाला. आठ आठवडे, आठवड्याला एक, अशा दुधांतून घेण्याच्या पुड्या मिळाल्या, आणि आमच्या घरांत डबीचें आगमन झालें.

इथपर्यंतची कथा हंसण्यावारी नेण्यासारखी आहे. परंतु डबींतली जी तांबडी गोळी आम्ही सर्वांत शेवटीं घेतों, तिची कथा तशी नाहीं. ती गोळी 'बी-१२'ची. आम्ही शाकाहारी, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन घेणारे. त्या औषधाच्या दीर्घ सेवनानें या सत्त्वाचें शोषण कमी होतें, म्हणून ती आम्हांला सुरू झाली. पण तिच्याशीं आमची ओळख त्यापूर्वींची आहे.

आमची आई अखेरचीं वर्षें आमच्याकडे येथेंच होती. एकादशी, चतुर्थी, चातुर्मास यांपैकीं तिचें कांहीं चुकलें नाहीं. घरांतलें दूध नातवंडांसाठीं असतें, ही तिची समजूत तर सर्व व्रतांहून कडक होती. सत्तरी उलटल्यावर ती फिकी दिसूं लागली. दोन पायऱ्या चढतांना तिला दम लागूं लागला. डॉक्टरकडे येण्यास ती तयार होईना. तेव्हां आम्हीं आपल्या बुद्धीनें निदान केलें: अशक्तपणा म्हणजे रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणजे लोह आणि फोलिक आम्ल. कॅम्पांतल्या बाजारांतून चांगल्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आणल्या आणि रोज स्वतःच्या हातानें दिल्या. दोन-तीन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर टवटवी आली, आणि आम्हीं आपली पाठ थोपटून घेतली.

त्याच सुमारास एकदां ती म्हणाली, "अरे, पायांना मुंग्या येतात. चप्पल कधीं निसटते, तें कळतच नाहीं."

"आई, वय झालं आतां," आम्ही म्हणालों.

"तूं शिकलेला. तूं म्हणतोस तसंच असेल," ती हंसून म्हणाली.

पुढें एका रात्रीं ती अंधारांत ओसरीच्या पायरीवरून पडली. इस्पितळांत 'बी-१२' तपासलें, तें नांवालाच होतें. हें सत्त्व कोणत्याही भाजींत अथवा धान्यांत नसतें. शाकाहारी माणसास तें मुख्यत्वेंकरून दुधादह्यांतून मिळतें, आणि म्हातारपणीं पोटांतील आम्ल घटलें म्हणजे आहारांतलेंही नीट अंगीं लागत नाहीं. यकृतांत त्याचा सांठा वर्षानुवर्षें पुरतो, म्हणून उणीव दबक्या पावलांनीं येते. ती आली असतां फोलिक आम्लाची मोठी मात्रा दिली, तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंचा ऱ्हास आंत चालूच राहतो. म्हणजे घरांत चोर शिरला होता, आणि आम्हीं दिवा मालवून त्याला आडोसा केला होता. इंजेक्शनें दिल्यावर तिची विसराळू होत चाललेली स्मृति पुष्कळ उजळली. पाय मात्र शेवटपर्यंत काठीवांचून चालले नाहींत. तिनें आम्हांला कधीं बोल लावला नाहीं.

मागाहून वाचनांत असें आलें कीं, ज्या फोलिक आम्लानें आमचा घात केला, त्याचा शोध आमच्या मुंबईंतच सुरू झाला होता. १९२८ सालीं डॉक्टर ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी तेथें आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणीं एक जीवघेणा पांडुरोग होई, त्याचें कारण ती शोधूं लागली. जंतूंचा संशय फोल ठरल्यावर तिनें त्या बायकांच्या ताटाकडे नजर वळविली. यीस्टच्या अर्काचें, पावाला लावण्याचें 'मार्माइट' नांवाचें साधें खाद्य देतांच त्यांचें रक्त सुधारलें. १९३१ सालीं तिनें हें प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिनमधील 'पान' या शब्दावरून त्याचें नांव फोलिक आम्ल पडलें. त्यानें किती बाळंतिणी वांचविल्या असतील!

आतां पुण्याकडे पाहावें. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा अभ्यास आरंभिला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत दिसलें कीं, सुमारें दोन-तृतीयांश मातांमध्यें 'बी-१२' कमी होतें, पण फोलेटची उणीव जवळजवळ कोणासच नव्हती. आणि ज्यांच्यांत फोलेट पुष्कळ व 'बी-१२' कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं मधुमेहाकडे नेणारीं चिन्हें सर्वांत अधिक आढळलीं. मुंबईच्या गिरणीवालीला जें उणें होतें, तें पुण्याच्या शेतकरणीला उणें नव्हतें.

यावरून गोळ्या फेंकून द्याव्या, असें आम्ही म्हणत नाहीं. जे त्यांना नांवें ठेवितात, तेही आयोडीन घातलेलें मीठ रोज खातातच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गोळी हें उत्तर आहे, आणि उत्तरापूर्वीं प्रश्न वाचावा लागतो. प्रश्न न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं तीस वर्षें शून्य गुण दिले. स्वतःच्या आईच्या बाबतींत आम्हीं तेंच केलें.

परवां शेजारचा एक तरुण सकाळींच आला. मेजावरची डबी पाहून म्हणाला, "सर, आईला फार अशक्तपणा वाटतो. यांतली कोणती गोळी देऊं?"

आम्हीं विचारलें, "त्यांच्या पायांना मुंग्या येतात का?"

"येतात थोड्याफार. वय झालं ना आतां!"

आम्हीं डबीचें झांकण लावलें, चहा तसाच ठेवला, आणि त्याच्या आईला डॉक्टरांकडे नेण्यासाठीं त्याच्याबरोबर निघालों.