शेवटचें कडवें

आमच्या लहानपणीं आम्हांस घड्याळानें कधीं उठविलें नाहीं. माजघरांत भिंतीवर एक घड्याळ होतें खरें; पण तें वडिलांचें. त्याला किल्ली देण्याचा अधिकार त्यांचा, आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याची जबाबदारीहि त्यांचीच. आम्हां चार भावंडांची पहांट आत्यांच्या आवाजानें होई.

वाईस कृष्णाकाठीं, घाटापासून हांकेच्या अंतरावर, आमचें जुनें दुमजली घर होतें. आत्या म्हणजे वडिलांच्या थोरल्या भगिनी. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें, आणि १९१८ सालीं इन्फ्ल्यूएंझाच्या साथींत त्यांचे यजमान वारले, तेव्हां त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. त्या साथीनें देशांत घरेंच्या घरें ओस पाडलीं. आमच्या घरीं मात्र तिनें एक माणूस परत आणून सोडलें. आजोबा स्वतः जाऊन लेकीस घेऊन आले, आणि त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षें आत्या माहेरींच राहिल्या. सासरीं त्यांचें नांव बदललें होतें. कागदोपत्रीं तेंच राहिलें. घरांत वडील त्यांना 'अक्का' म्हणत, आई 'वन्सं' म्हणे, आणि आम्ही व शेजारपाजारचीं मुलें 'आत्या' म्हणत असूं. ह्याखेरीज त्यांना आणखी एखादें नांव असूं शकेल, हा विचार आमच्या मनांत कधींच आला नाहीं.

पहांटे चारच्या सुमारास त्या उठत. त्यांना कोण उठवी, हें कोडें तेव्हां आम्हांस पडलें नाहीं; आज पडतें. न्हाणीघरांत बंब पेटे, अंगणांत सडा पडे, देवघरांत समई उजळे, आणि परसांतील प्राजक्ताचीं फुलें वेंचतां वेंचतां पहिली भूपाळी सुरू होई. प्रथम गणपति, मग राम, श्रीकृष्ण, शंकर, पंढरीचा विठोबा, साधुसंत, आणि सर्वांत शेवटीं आमची कृष्णामाई. आवाज मोठा गोड होता असें म्हणवत नाहीं. किंचित् जाडा, पण सुरांत पक्का होता. अंधारांत तो हळूहळू जवळ येई, दूर जाई, पुन्हां जवळ येई. त्यावरून आत्या परसांत आहेत कीं देवघरांत, हें पांघरुणांत पडल्या पडल्या आम्हांस कळे.

प्रभातीं देवास जागें करावें ही आपली फार जुनी रीत आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडांत विश्वामित्र ऋषि शरयूच्या तीरीं गवतापानांच्या शय्येवर निजलेल्या रामास पहांटे हांक मारून उठवितात. राजवाड्यांतून प्रथमच बाहेर पडलेला तो कुमार, आणि त्याला उठविणारा तो वृद्ध तपस्वी! आमच्या मतें भूपाळीचें सारें मर्म ह्या प्रसंगांत आहे. देवास उठवावयाचें म्हणजे त्याला घटकाभर घरचें मूल समजावयाचें. समर्थ रामदासांनीं भूपाळ्या रचल्या, तशाच गवळ्याच्या कुळांत जन्मलेल्या होनाजीनेंहि रचल्या. होनाजीनें रचावें आणि त्याचा सोबती बाळा करंजकर ह्यानें गावें, म्हणून त्यांचें जोडनांव होनाजी बाळा. संन्यस्त समर्थ आणि तमाशाच्या फडांतला हा शाहीर ह्यांची गांठ पडली ती पहांटेच्या वेळीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आमच्या आत्यांना ह्यांतलें कांहीं ठाऊक असेल असें वाटत नाहीं. त्यांना ठाऊक होती ती एकच गोष्ट, कीं पहांट त्यांची आहे. त्या काळीं विधवेनें सकाळीं कोणाच्या समोर येऊं नये, शुभकार्यांत मागें राहावें, असा निर्दय संकेत होता. आमचें घर सुशिक्षित. वडील शाळेंत संस्कृत शिकवीत. तरी मुंजीच्या दिवशीं, मंगळागौरीस, हळदीकुंकवास आत्या दाराआड असत. ज्यांचें मुख प्रथम दृष्टीस पडूं नये म्हणून जग जपे, त्यांचाच आवाज आमच्या कानीं प्रथम पडत असे. ही विसंगति घरांत कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. आली असल्यास कोणी बोललें नाहीं.

कृष्णामाईची जी भूपाळी म्हटली, ती आम्हीं दुसऱ्या कोणाच्या घरीं ऐकली नाहीं. वाईस घाटाघाटांवर पाळीपाळीनें कृष्णाबाईचा उत्सव होतो. तेथेंहि ती कधीं कानांवर आली नाहीं. तिचीं सात कडवीं होतीं. पहिल्यांत महाबळेश्वरीं नदी जागी होई. दुसऱ्यांत ती धोमास येई. तिसऱ्यांत वाईचे घाट एकेक करून उठत. चौथ्यांत ढोल्या गणपतीस आणि काशीविश्वेश्वरास हांक असे. पांचव्यांत पाण्यास निघालेल्या बाया, आणि सहाव्यांत घराघरांतून अजून निजलेलीं मुलें. ही रचना पिढीजात, बहुधा पणजीच्या वेळची असावी, अशी आमची समजूत होती. आत्यांस विचारलें म्हणजे "जुनें आहे रे," एवढेंच त्या म्हणत.

आतां एक गंमत सांगतों. हें गाणें आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं, पण तें आम्हां भावंडांत उठण्याच्या वेळेप्रमाणें वांटलें गेलें होतें. थोरला भाऊ अभ्यासाचा. दुसरें कडवें संपावयाच्या आंत तो चूळ भरावयास विहिरीवर गेलेला असे. ताईस आई तिसऱ्या कडव्याला हांक मारी. आम्ही पांचव्यापर्यंत रेंगाळत असूं. सहाव्यांत निजलेल्या मुलांचा उल्लेख येई, तो आपल्यालाच उद्देशून आहे असें वाटून शरमेनें उठत असूं. वडील ह्या वेळीं घाटावर स्नानसंध्येस गेलेले असत, आणि आई स्वयंपाकघरांत ताक घुसळीत असे. राहतां राहिला धाकटा. तो आत्यांच्याच अंथरुणाशेजारीं निजे, आणि उन्हें अंगणांत येईपर्यंत हालत नसे. सातव्या कडव्याचा तो एकटाच धनी.

पुढें घरांत रेडिओ आला. आकाशवाणीचें पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें होतें. आमच्या घरीं यंत्र यावयास १९५८ साल उजाडलें. लायसन्स काढून वडिलांनीं तें माजघरांत फळीवर बसविलें, आणि आईनें त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. सकाळीं मंगलवाद्यें, मग भक्तिगीतें. आम्हांस तर स्वर्गच हातीं लागल्यासारखें झालें. 'अमर भूपाळी' हा चित्रपट १९५१ सालीं निघाला होता, आणि त्यामुळें होनाजीची कृष्णाची भूपाळी घरोघरीं पोंचली होती. एके दिवशीं ती रेडिओवर लागली. आत्यांनीं हातांतलें चंदन थांबवून ती शेवटपर्यंत ऐकली. "चाल गोड आहे हो," त्या म्हणाल्या, "पण हा उठवितो आहे कोणाला?" आम्ही हंसलों. आम्हांस तें अडाणीपणाचें बोलणें वाटलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आम्हां भावंडांपैकीं कोणी तरी म्हणालें, "आत्या, जरा हळू म्हणा ना; रेडिओ ऐकूं येत नाहीं." कोण म्हणालें तें आज आठवत नाहीं. आठवूं नये अशी सोय मन करून घेत असावें. आत्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून भूपाळ्या त्यांच्या ओठांतल्या ओठांत होऊं लागल्या. आई एकदां "वन्सं, आतांशा गात नाहीं तुम्ही?" असें म्हणाली, तेव्हां "गातें कीं. देवाला ऐकूं येतें," असें उत्तर मिळालें. घर रेडिओवर उठूं लागलें, आणि हा बदल कसा झाला ह्याची चर्चा करण्याचें कारण कोणास वाटलें नाहीं.

वर्षें गेलीं. थोरला भाऊ मुंबईस गेला, ताई सासरीं नागपुरास, आम्ही नोकरीनिमित्त पुण्यास. धाकटा घरींच राहिला. १९७१ सालीं कार्तिकांत आत्यांचें दुखणें विकोपास गेल्याची तार आली, आणि आम्ही सर्व घरीं जमलों. त्यांना दिवसरात्रीचें भान राहिलें नव्हतें. देवळांतून काकड्याचे दिवस होते, पहांटेचे टाळ घरापर्यंत ऐकूं येत. पण त्या वेळीं त्या ग्लानींत असत.

एके दिवशीं तिन्हीसांजेस त्यांना जाग आली. आईनें नुकतीच समई लावली होती. खिडकींतून पश्चिमेकडील तांबूस उजेड येत होता. त्या उजेडाकडे पाहून त्या एकदम गडबडून गेल्या. "अगबाई, उजाडलें कीं! देव उठवावयाचे राहिले," असें म्हणून त्यांनीं उठून बसण्याचा प्रयत्न केला. वडील जवळ बसले होते. "अक्का, अगं..." एवढें बोलून ते थांबले. आत्यांनीं कृष्णामाईची भूपाळी सुरू केली होती.

गवई भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात. त्याच पांच स्वरांचा देसकार मात्र सकाळचा. तेव्हां त्या सांजवेळीं आत्यांचे सूर चुकले असें कोणत्या तोंडानें म्हणावें? आवाज क्षीण झाला होता. दुसऱ्या ओळीस थोरला भाऊ त्यांत मिळाला, मग ताई, मग आम्ही. आश्चर्य हें, कीं तेरा वर्षांत एकदांहि न म्हटलेले शब्द आपोआप ओठांवर येत होते. पण दुसरें कडवें संपलें आणि थोरला भाऊ गप्प झाला. तिसऱ्यानंतर ताई चांचपडूं लागली. सहाव्यांत आम्ही अडखळलों. सातव्यास आत्यांच्या सोबतीला फक्त धाकट्याचा आवाज उरला.

आपल्याकडे पदाच्या शेवटच्या कडव्यांत रचणाराची नाममुद्रा असते, हें वाचकांस ठाऊक आहेच. तुकोबांची असते, नामदेवांची असते, जनाबाईंची असते. त्या सातव्या कडव्यांत एका नदीचें नांव आलें, आणि ती कृष्णामाईच्या पायरीवर बसून तिला उठविते आहे असा कांहींसा भाव आला. आम्हांस वाटलें, एक नदी दुसरीस भेटावयास आली आहे. धाकट्यासहि लहानपणापासून तसेंच वाटत आलें होतें.

वडिलांनीं मात्र मान खालीं घातली होती. भूपाळी संपून आत्यांचा डोळा लागल्यावर ते ओसरीवर येऊन बसले. बऱ्याच वेळानें म्हणाले, "तें नदीचें नांव नव्हे रे. अक्काचें माहेरचें नांव आहे तें. आई गेल्यापासून ह्या घरांत तें कोणीं उच्चारलें नाहीं." मग थोडें थांबून, जणूं स्वतःशींच, "आणि मी रोज त्या वेळीं घाटावर!"

ज्याला तें नांव ठाऊक होतें, त्यानें कडवें ऐकलें नव्हतें. ज्याला कडवें पाठ होतें, त्याला नांव ठाऊक नव्हतें. आणि बाकीच्या आम्हांस ना नांव ठाऊक, ना कडवें. एका घरांत, एका छपराखालीं, आत्या वर्षानुवर्षें रोज पहांटे आपलें नांव सांगत होत्या, आणि तें ऐकावयास कोणी जागेवर नव्हतें. वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं त्यांच्या कानाशीं वांकून त्या नांवानें हांक मारली. त्यांनीं डोळे उघडले कीं नाहीं ह्याविषयीं आम्हां भावंडांत आजहि मतभेद आहे. ताई म्हणते, उघडले. आम्ही ताईचें खरें मानतों. त्यानंतर चौथ्या दिवशीं आत्या गेल्या.

तेरावा झाल्यावर आम्ही चौघें माजघरांत वही घेऊन बसलों, आणि ज्याच्या वांट्याचें कडवें त्यानें आपल्या हातानें लिहिलें. सातवें धाकट्याच्या अक्षरांत आहे. त्याच्याखालीं वडिलांनीं कांहीं लिहिलें नाहीं. फक्त त्या नांवाखालीं एक रेघ ओढली. तें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. तें त्या कडव्यांतच शोभतें.

आज आमच्या नातवंडांस उशापाशीं ठेवलेला मोबाइल उठवितो, आणि त्यांत भूपाळ्याहि मिळतात, मोठ्या मोठ्या गायकांच्या आवाजांतल्या. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. जगानें घड्याळें बदलूं नयेत असा आग्रह कोणीं धरावा? पण रविवारीं पहांटे आम्ही ती वही काढतों. आवाज आमचा कधींच चांगला नव्हता, आतां तर कापतो. नातवंडें कुरकुरत उठतात, आणि धाकटी नात मात्र पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहते. सूनबाई तिला रागें भरूं लागली म्हणजे आम्ही हातानें थांबवितों.

असो. ज्या वाचकांच्या घरांत अजून एखादी आजी, आत्या किंवा काकू पहांटे कांहीं गुणगुणत असेल, त्यांस एवढीच विनंति आहे. लवकर उठणें हा सद्गुण खरा. पण एखाद्या दिवशीं तो बाजूस ठेवावा. शेवटचें कडवें ऐकल्याखेरीज अंथरूण सोडूं नये.