शिलेदारी

मी पहिल्यांदा घोड्यावर बसले ती माथेरानला, नऊ वर्षांची असताना. छोट्या गाडीनं आम्ही वर गेलो आणि वडिलांनी दीड तासासाठी एक पांढरा घोडा ठरवला. लगाम घोडेवाल्याच्या हातात आणि माझ्या हातात खोगिराची पुढची कडी. घोडा वळला तो घोडेवाल्याच्या सांगण्यावरून, थांबला तोही त्याच्याच. मी त्याच्या पाठीवर होते, पण त्याचं माझ्याशी काही बोलणंच झालं नाही. ही रुखरुख पुढं एकोणपन्नास वर्षं राहिली.

२०१६ साली नाशिकच्या एका शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. दिवाळीनंतर एके सकाळी ह्यांना म्हणाले, "मला घोड्यावर बसायला शिकायचंय." हे पेपर खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आधी हाडं तपासून घेऊ." तपासली. हाडांची घनता वयाच्या मानानं थोडी कमी निघाली. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं नाही. औषध चालू ठेवा, हेल्मेटशिवाय बसू नका आणि एकट्या जाऊ नका, अशा तीन गोष्टी सांगितल्या. त्या तिन्ही मी आजवर पाळल्या आहेत.

शिकवायला होते घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब. त्यांनी पहिले चार दिवस मला घोड्यावर बसूच दिलं नाही. खरारा करायचा, खूर उचलून आतली माती काढायची, तंग आवळायचा, मोरकी धरून शेजारून चालायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून कपाळासमोर हात न्यायचा नाही, खांद्याच्या बाजूनं जायचं, मागून जाताना आवाज देत आणि हात पाठीवर ठेवत जायचं. पाचव्या दिवशी तीन पायऱ्यांच्या ओट्यावरून मला वर बसवलं. जमिनीवरून चढता येत नाही याचं मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ते म्हणाले, "ओट्यावरून चढणं घोड्याच्या पाठीलाही बरं. खालून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि त्याचा कणा दुखतो." हे खरंच तसं असतं, ते मला पुढं कळलं.

"एड़ी नीचे, नज़र ऊपर" हे त्यांचं पालुपद. टाच खाली दाबली की पोटरी ताणली जाते आणि बैठक खोल जाते. नजर खाली गेली की मान जाते, मानेपाठोपाठ खांदे, आणि मग तोलच पुढं येतो. माझी अडचण दुडक्या चालीची होती. या चालीत घोड्याचे तिरपे दोन दोन पाय एकत्र पडतात आणि प्रत्येक पावलाला पाठ उसळते. त्या उसळीबरोबर उठायचं आणि बसायचं. तरुण मुलं तीन-चार दिवसांत शिकली. मला सात आठवडे लागले. एका सकाळी पावलं मोजणं सोडलं आणि जमलं. जन्मभर आकडे मोजलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटलं, ते मी ह्यांनाही नीट सांगू शकले नाही. शरीराला अजून नवं काही शिकता येतं, हे मला माहीत नव्हतं. लेकीनं त्याच सुमारास जपानच्या हिरोशी होकेत्सूंचा फोटो पाठवला. ते १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घोडेस्वार म्हणून उतरले होते आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्येही, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. तो फोटो अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

दुसऱ्या वर्षी पडले. बाभळीत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यानं फडफडली, घोडा बाजूला उसळला आणि मी डाव्या मनगटावर आले. सहा आठवडे प्लास्टर, पुढं दीड महिना व्यायाम. त्या काळात नात्यातल्या प्रत्येकानं येऊन समजूत घातली. मला त्यांच्या काळजीचा राग आला नाही, पण एक गोष्ट खटकली. याच घरांतले पुरुष साठीनंतर दुचाकीवरून मुंबई-आग्रा रस्त्यानं जातात, तेव्हा त्यांना कुणी वय विचारत नाही. प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा गेले. पहिल्या दिवशी फक्त खरारा केला. दुसऱ्या दिवशी बसले, तेव्हा गुडघे थरथरत होते आणि ते त्या घोड्याला कळत होतं. तो वीस मिनिटं एकाच संथ चालीनं चालत राहिला.

मराठ्यांच्या घोडदळात ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीवर येई तो शिलेदार. दोन वर्षं मी बारगीर होते. रोज मिळेल तो घोडा. एकाची ओळख पटते न पटते तोच दुसरा. पाऊण तास झाला की उतरायचं, घोडा पुढच्या माणसाचा. नंतर तो काय खातो, कुठं दुखतं, रात्री कसा असतो, यातलं काही कळायचं नाही. एके दिवशी रिसालदारसाहेबांना विचारलं, "माझ्या वयाला घोडा पाळणं वेडेपणा होईल का?" ते म्हणाले, "जागा कुठं आहे ते सांगा. वय नंतर बघू."

जागा होती. गंगापूर धरणाच्या अलीकडं भाऊजींचा द्राक्षांचा मळा आहे, तिथं जुना गोठा रिकामा पडलेला होता. भाऊजी लगेच हो म्हणाले. जाऊबाईंनी मात्र एक अट घातली: द्राक्षाच्या ओळींत घोडं सोडायचं नाही. ती अट द्राक्षांसाठी होती, पण त्यात घोड्याचंच भलं होतं, कारण वेलींवर फवारलेली औषधं खालच्या गवतावरही उतरतात.

डिसेंबर २०१८मध्ये दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला गेलो. तापीकाठचं, नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव. एकमुखी दत्ताच्या यात्रेला इथं घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून व्यापारी येतात. अबलख, कुमैत, दुधासारखे नुकरे, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. आगाडी-पिछाडी बांधून रांगाच्या रांगा उभ्या. मारवाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळून एकमेकांना टेकतात. ते शेकडो कान एकाच वेळी ढोलाच्या दिशेनं वळलेले मी पाहिले. दोन लाख, पाच लाख, दहा लाख असे आकडे कानावर येत होते. नाचणारे, दोन पायांवर उभे राहणारे घोडे बघायला गर्दी होती. मला त्यातला एकही नको होता.

शेवटच्या रांगेत एक कुमैत घोडी मान खाली घालून कडबा खात होती. कागदपत्रं नाहीत, उंचीही बेताची. रिसालदारसाहेबांनी ओठ वर करून दात पाहिले. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक बारीक खाच नुकतीच दिसायला लागली होती. ही खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, पंधराव्यापर्यंत निम्म्या दातावर उतरते आणि विसाव्यापर्यंत दातभर होते. म्हणजे घोडी दहाची. मग मालकानं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला हातात धरून तिला चालवून दाखवलं. ती रेवाल चालत होती. या चालीत उसळी जवळजवळ नसते, स्वार पाण्यावरून सरकल्यासारखा जातो. मारवाडी आणि काठेवाडी रक्ताच्या घोड्यांत ही चाल आढळते. पेल्यातून थोडंसंच पाणी सांडलं. माझ्या कमरेनं त्याच क्षणी निर्णय घेऊन टाकला.

तिची किंमत कमी का, ते मालकानं स्वतःहून सांगितलं. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. मानेवरचा देवमण भाग्याचा, पण डोळ्याखालचा भोवरा घरधन्याला रडवतो अशी समजूत आहे. तीन गिऱ्हाइकं त्यामुळंच परत गेली होती. केस कोणत्या दिशेनं उगवले यावर जिवाचं मोल ठरवणं मला कधीही पटणार नाही. मी तो भोवरा बोटानं चाचपला, तिनं डोळा मिटला आणि कडबा चघळत राहिली. ग्लँडर्स या रोगासाठी रक्त तपासलं, दाखला हातात आला, मगच ती नाशिकला निघाली. रेवाल चालीवरून तिचं नाव ठेवलं रेवा.

खरं शिकणं तिथून सुरू झालं. रेवाचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार घेऊ नये असा एक संकेत आहे; म्हणजे सत्तर किलो. माझं वजन अठ्ठावन्न आणि खोगीर आठ किलो, हिशेब बसला. त्यानंतर आजतागायत मी साठ किलोच्या पुढं वजन जाऊ दिलेलं नाही. रोज सहा-सात किलो कोरडा चारा, भिजवलेले हरभरे मूठभरच, थोडे ओट, मिठाचा खडा, पंचवीस-तीस लिटर पाणी. खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून दर सहा आठवड्यांनी नालबंद चाचा येतात, जुना नाल काढून, खूर तासून नवा ठोकतात. खुराच्या कडेला जाणीव नसते. खिळा त्या कडेतूनच जायला हवा, आतल्या जिवंत भागाला लागला तर घोडा लंगडतो. चाचांचे खिळे आजवर कधी चुकलेले नाहीत. वर्षाला धनुर्वाताची लस. पावसाळ्यात गोमाश्यांपासून जपायचं, कारण त्यांच्या चाव्यातून सर्रा होतो. पेन्शनचा मोठा वाटा तिच्यावर जातो. ह्यांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि हे मला इथं लिहायचंच होतं.

लहानपणी आम्हाला कोडं घालत: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. रेवा आल्यापासून मी रोज पहाटे साडेपाचला घराबाहेर पडते. बसायचं नसेल त्या दिवशीही तिला तासभर फिरवते. माझी साखर, माझी झोप, माझी कंबर, सगळंच त्यानं सुधारलं.

२०१९च्या श्रावणातली एक रात्र मात्र अजून अंगावर येते. कडबा संपला होता आणि नवा यायला दोन दिवस होते. मी मळ्यावरच्या मामांना म्हटलं, तोवर हिरवा लसूणघास द्या, पोटभर द्या. चूक माझी होती. घोड्याचा चारा कधी एकदम बदलायचा नसतो. आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करून बदलायचा, हे मला शिकवलेलं होतं. रात्री दहाला मामांचा फोन आला, "बाई, घोडी कुशीकडं बघतीया, पुढच्या पायानं माती उकरतीया." पोहोचलो तेव्हा ती बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. पाठ घामानं भिजलेली. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेलं स्नायूंचं कडं इतकं घट्ट असतं की आत गेलेलं वर येऊच शकत नाही, म्हणून साधा पोटशूळही जिवावर बेततो. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं. विश्रांतीत ती मिनिटाला तीस ते चाळीस असते. मी चौसष्ट मोजले. कुशीला कान लावला. एरवी तिथं ढग गडगडल्यासारखा आवाज असतो, त्या रात्री शांतता होती.

डॉक्टर पावसातून साडेअकराला आले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन सोडलं. म्हणाले, "हळूहळू चालवा. लोळू देऊ नका. लीद पडते का बघा." रात्रभर मी, हे आणि मामा आळीपाळीनं तिला गोठ्यासमोर फिरवत होतो. मी तिच्याशी काय काय बोलले ते मामांनी ऐकलं आणि कधी कुणाला सांगितलं नाही. साडेचारला लीद पडली. सव्वापाचला ती बादलीपाशी गेली. घोडा पाणी पितो तेव्हा प्रत्येक घोटाला त्याचे कान मागंपुढं हलतात. मी उभी राहून कान मोजत होते. सत्तावीस घोट. मग तिनं ओलं तोंड माझ्या खांद्यावर पुसलं आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसले. आसूढाळ भोवरा समोरच होता. रडवलं होतं खरं, पण भोवऱ्यानं नव्हे.

आता मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि रेवा सतराची. दातावरची खाच निम्म्याच्या खाली उतरली आहे, डोळ्यांवरचे खळगे खोल झाले आहेत, कपाळावर पांढरे केस आले आहेत. दौड आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडली. तिच्या पुढच्या डाव्या पायाला थंडीत ताठरपणा येतो, माझ्या उजव्या खुब्याला येतो. दोघींना मोकळं व्हायला साधारण सारखाच वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ मी तिच्या शेजारून चालते आणि मगच ओट्यावरून बसते. पाठीवर बसता येईनासं होईल त्या दिवशी काय, असं लेकीनं मागच्या महिन्यात विचारलं. रेवा मळ्यावरच राहणार, विकली जाणार नाही. भाऊजींशी आणि पुतण्याशी तसं बोलून ठेवलंय, तिच्या चाऱ्याचे पैसे वेगळे बाजूला काढलेत. बाजारात म्हाताऱ्या घोड्यांचं पुढं काय होतं ते मी सारंगखेड्यात शेवटच्या रांगेच्याही मागं पाहिलेलं आहे.

रविवारी हे गाडीनं मागून येतात आणि आम्ही दोघी धरणाच्या काठापर्यंत जातो. रेवाल चाल अजून तशीच आहे, जरा आखूड झालीय एवढंच. पाण्याशी आलं की मी लगाम सैल सोडते. ती आधी नाक बुडवून फुरफुरते, पाणी हुंगते, मग पिते. परवा एकतीस घोट झाले.