कॅसेट कोणाच्या हाती द्यायची?

कोकणातल्या मुसलमान घरांत व्हिडिओ कॅसेटा जरा जास्तच सापडतात. घरातलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला असायचं आणि सुट्टीवर येताना व्हीसीआर, कॅमेरा, कोऱ्या कॅसेटा घेऊन यायचं. मग निकाह, वलीमा, अकीका, पोराचं बिस्मिल्ला, सगळं कॅसेटवर. आमच्या लोखंडी कपाटातून अशा अकरा कॅसेटा निघाल्या. त्या डिस्कवर उतरवून घ्यायचं ठरलं, तेव्हा वाटलं होतं की प्रश्न फक्त यंत्राचा आणि पैशांचा आहे.

आधी यंत्राचं सांगतो, कारण बऱ्याच वाचकांच्या घरी हेच काम अडून पडलेलं असेल.

व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आलं. व्हीसीआर बनवणारी जी शेवटची कंपनी उरली होती, त्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज मिळेल तो व्हीसीआर जुनाच. विकत घेण्याआधी आपली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट नेऊन त्यात चालवून बघावी. चित्रात पांढरे पट्टे येतात का, टेप बाहेर काढताना गुंतते का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब दिसते. आमच्या दोन कॅसेटा अशा निघाल्या. त्या वेगळ्या काढल्या.

आखातातून आलेल्या कॅसेटांची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल. सौदीत त्या काळी सेकाम चालायची. मामूंनी एका रमजानमध्ये तिथल्या टीव्हीवरून हरममधली तरावीह रेकॉर्ड केली होती. नुसत्या पालवर चालणाऱ्या व्हीसीआरमध्ये ती कृष्णधवल दिसली. काबा तसाही काळाच, पण गिलाफावरचं सोनेरी भरतकाम राखाडी झालेलं बघवेना. त्यासाठी अनेक पद्धती वाचणारा, म्हणजे मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो. तुमच्याकडे अशी एकच कॅसेट असेल, तर कुणाकडून तरी तो तेवढ्यापुरता मागून आणा.

आता डिस्कवर उतरवण्याचे मार्ग. पहिला म्हणजे यूएसबीची छोटी कॅप्चर डबी. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल तारा तिच्यात खोचायच्या आणि ती कॉम्प्युटरला लावायची. स्वस्त पडते. चित्र साठवून, नको तो भाग कापून मग डिस्क बनवता येते. पण जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो. स्वस्त डबी अशा वेळी चित्रातल्या चौकटी गाळते आणि आवाज हळूहळू पुढेमागे सरकतो. तासाभराने आधी ‘आमीन’ ऐकू येतं आणि मग ओठ हलतात. व्हीसीआर आणि डबीच्या मध्ये टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र जोडलं तर सिग्नल सावरतो, पण ते महाग असतं. काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे पाठवला तरी बराच फरक पडतो.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच खोक्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर. कॅसेट घातली, कोरी डिस्क घातली, बटण दाबलं. कॉम्प्युटर नको. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण दर्जाचं दोन तासांचं चित्र मावतं, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला दोन डिस्क. शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नये, नाहीतर ती डिस्क बहुतेक दुसऱ्या प्लेयरवर लागत नाही. यात दुरुस्तीला वाव कमी.

तिसरा मार्ग म्हणजे दुकानात देऊन मोकळं व्हायचं. मी त्याच विचारात होतो. फुफींनी विचारलं, “त्यात मेंदीच्या रात्रीची कॅसेट पण आहे का?”

होती. बायकांच्या खोलीतली. कॅमेरा चुलत बहिणीने धरला होता आणि तो तिच्या हातात आहे म्हणूनच आतल्या बायका मोकळेपणी वावरत होत्या. डोक्यावरची ओढणी कुठे, ढोलकी कुठे, कोण कुणाची नक्कल करतंय. आमच्या घरच्या होत्या तशा शेजारच्याही होत्या. त्यांतल्या काहीजणी आता अल्लाहला प्याऱ्या झाल्या आहेत, त्यांना विचारणार तरी कोण? फुफी म्हणाल्या, “आम्ही त्या पोरीच्या भरवशावर बसलो होतो. दुकानातल्या पोराच्या नाही.”

कॅसेट उतरवायला ती जेवढ्या तासांची, तेवढेच तास लागतात आणि कुणीतरी पडद्यासमोर बसावं लागतं. म्हणजे दुकानदार नको, हे ओघाने आलंच. पण मग मी तरी कसा चाललो असतो? शेजारच्या त्या बायकांना मीही परकाच. म्हणून यंत्र निवडताना पहिला प्रश्न दर्जाचा राहिला नाही. हे यंत्र धाकटी बहीण एकटीने चालवू शकेल का, हा झाला. तिला कॉम्प्युटरच्या तारांचा कंटाळा. त्यामुळे जुनं, पण चालू असलेलं जोड-यंत्र घेतलं. तरावीहसाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर मागून आणला. ती आणि निकाह-वलीम्याच्या कॅसेटा मी डबीने कॉम्प्युटरवर घेतल्या, दर्जा जपत. मेंदीची रात्र बहिणीने दार लावून थेट डिस्कवर उतरवली. तिथे चित्र थोडं मऊ आलं म्हणे. फुफींना त्याचं काही वाटलं नाही.

पेन ड्राइव्ह का नाही, असं भाच्याने विचारलं. डिस्कचीही नक्कल करता येते, हे मला ठाऊक आहे. पण फोनवरची फाइल एका बोटाने चाळीस जणांच्या ग्रुपवर जाते. डिस्क कपाटातून काढावी लागते, प्लेयर शोधावा लागतो, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, काय लावतोयस? हा अडथळा मला मोलाचा वाटतो. त्या रात्रीच्या दोन प्रती केल्या. एक फुफींकडे, एक बहिणीकडे. मूळ कॅसेटही फुफींकडेच.

त्या रात्री दादीने ढोलकीवर गाणं म्हटलं होतं. तिचा इंतकाल झाला तेव्हा मी लहान होतो, तिचा आवाज मला आठवत नव्हता. बहिणीने पिवळी तार काढून ठेवली आणि जिथे दादी एकटी गाते तेवढा तुकडा पांढऱ्या-लाल तारांनी माझ्यासाठी वेगळा घेतला. चार मिनिटांचा आहे. मध्येच ती थांबते, कुणाला तरी पाणी द्यायला सांगते आणि पुन्हा गाऊ लागते.

तुमच्याही कपाटात कॅसेटा असतील तर उशीर करू नका, टेप वाट बघत नाही. डिस्कही कायमची नसते. प्रती दोन करा, उन्हापासून लांब ठेवा, अधूनमधून लावून बघा. मात्र यंत्राची चौकशी करण्याआधी प्रत्येक कॅसेटवर कोण आहे याची यादी करा. त्यांतले जे हयात आहेत त्यांना विचारा. आणि जे नाहीत त्यांच्या वतीने घरातल्या मोठ्या बाईला विचारा.